देवघरातले तीन कोष

रजनीने अंगणातली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी नुसत्या बोटांच्या चिमटीत धरली, तेव्हा शेजारची बेबाबाई हातातलं घमेलं टाकून फाटकापर्यंत पळाली.

“अक्का व, गांधीलमाशी! तुनी वहू येडी व्हई गयी का काय?”

“बेबाकाकू, चावली तर सांगते ना तुम्हाला,” रजनी हसत म्हणाली. “आई, तुम्ही या. भिंग धरा.”

मी तुळशीला पाणी घालत होते. तांब्या खाली ठेवला आणि भिंग धरलं. रजनी माझी सून. माझ्या पंडितशी लग्न होऊन आली तेव्हा तिचं प्राणिशास्त्राचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. पंडित धुळ्याला नोकरीला, शनिवारी यायचा. ही आमच्याकडे राहून एरंडोलहून एस. टी.ने जळगावच्या कॉलेजात जायची. आणि तिने अभ्यासाला घेतल्या होत्या माशा.

“मधमाशीला पंख चार, गांधीलमाशीलाही चार. हिला मोजा.”

“दोनच गं!”

“मागच्या पंखांच्या जागी काय दिसतं?”

मी नीट पाहिलं. मोहरीच्या दाण्याहून बारीक असे दोन दांडू होते, घंटेच्या लोलकासारखे.

“उडताना तोल सांभाळायला ते. दोन पंख आणि दोन दांडू असले की ती माशीच, मग अंगावर कुठलेही कपडे घालो. हे पट्टे नुसतं सोंग आहे. पाखरांनी गांधीलमाशी समजून सोडून द्यावं म्हणून.”

मला फार गंमत वाटली. एवढ्याशा जिवाला देवाने सोंगसुद्धा शिवून दिलं होतं.

“आता डोळे बघा. मध्ये फट आहे ना? म्हणजे ही मादी. नराचे दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात.”

बेबाबाई तोवर परत आली होती, पण फाटकाच्या पलीकडूनच बघत होती. रजनीने चिमटी सोडली. माशी उडाली, क्षणभर आमच्या तिघींच्या मध्ये हवेत खुंटीला टांगल्यासारखी थांबली आणि वालाच्या मांडवाकडे गेली.

आमच्या ह्यांना मात्र ही विद्या पटत नव्हती. गावात त्यांना सगळे गिरधर आबा म्हणतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं. “माशा हाकलायच्या असतात, शिकायच्या नसतात. हे एक वर्ष मी हो म्हणालोय. संक्रांत झाली की सूनबाईने धुळ्याला जाऊन संसाराला लागायचं. पास हो नाहीतर नको होऊ.”

रजनी कधी उलट बोलली नाही. पण तिचं सगळं एका वालाच्या वेलावर अडलं होतं. वेलाच्या शेंड्यांवर मावा पडला होता, काळा, तीळ सांडल्यासारखा. त्या माव्यात हिरवट, बिनपायांच्या, बिनडोक्याच्या अळ्या फिरत आणि एकेक मावा उचलून शोषून टाकत. कॉलेजातल्या सरांनी बजावलं होतं, उडती माशी धरून तिला नाव देता येतं, पण ही अळी त्याच माशीची हे कशावरून? अंडं, अळी, कोष, माशी, अशी सगळी साखळी डोळ्यांसमोर पुरी झाली तरच प्रबंधावर सही. त्यातून आमच्या वेलावर दोन जातींच्या माशा यायच्या, अगदी जुळ्या बहिणींसारख्या. फरक फक्त नरात. एका जातीच्या नराला मागच्या पायाच्या बुडाशी बारीक काटा असतो, दुसऱ्याला नसतो. म्हणजे कोषातून नर निघायला हवा, आणि तोही संक्रांतीआधी परीक्षक येतील त्या दिवसापर्यंत. नाही तर पुढचा मावा पुढच्या हिवाळ्यात, आणि पुढच्या हिवाळ्यात रजनी धुळ्याला.

कॉलेजात डबीत ठेवलेल्या अळ्यांना बुरशी लागली. म्हणून तिने वेलावरच मलमलीच्या पिशव्या बांधल्या होत्या. मला आधी जरा जड गेलं. या घरात आपल्या हाताने जीव मारायचा नाही असं मी पाळते, आणि इथे अळ्या मावा खाताहेत ते आपण बघत बसायचं.

“आपण कुठे वाढतो, आई?” रजनी म्हणाली. “ताट देवाने मांडलंय.”

ते मला पटलं. मग मीही रोज वेलाजवळ जाऊ लागले. पानावर अंडं दिसलं की तिला हाक मारायची. पांढरं, तांदळाच्या कणीसारखं, नेमकं माव्याच्या शेजारी घातलेलं. आईने लेकराला स्वयंपाकघरातच निजवावं तसं.

पण अळ्या टिकेनात. संध्याकाळी पिशवीत दिसलेल्या अळ्या सकाळी गायब. रजनी पिशव्या सोडायची, पुन्हा बांधायची, आणि गप्प गप्प असायची.

एकदा पहाटे मी अंघोळ करून बाहेर आले, तर ती वेलाखाली उकिडवी बसलेली. हातात चित्र रंगवायचा कुंचला. त्या कुंचल्याने ती देठावरून एकेक काळी मुंगी अलगद उचलत होती आणि लांब अंगणात सोडत होती. मुंगी वळून पुन्हा वेलाकडे यायची, ही पुन्हा उचलायची.

मी सकाळी पूजा आणि पोथीचा अध्याय होईपर्यंत बोलत नाही. म्हणून तिथेच बसले आणि भिंग घेतलं. एका पानावर मुंगी माव्याच्या पाठीवर मिशा फिरवत होती. माव्याने शेपटाकडून एक थेंब सोडला, मुंगीने तो पिऊन टाकला. अगदी गाय पान्हवावी तसं. शेजारी पिशवीच्या तोंडाशी राहिलेल्या फटीतून दोघी मुंग्यांनी एका अळीला बाहेर काढलं, पानाच्या कडेशी ओढत नेलं आणि खाली लोटून दिलं. गुराख्याने लांडगा हाकलावा तसंच.

मी देठावरून नजर खाली नेली. वेलाच्या बुडाशी माझी कालची पीठ-साखर होती.

सासूबाईंनी मला घरात आल्या वर्षी हे व्रत दिलं होतं. रोज मुंग्यांना चिमूट पीठ-साखर घालायची, मगच आपण खायचं. आधी मी तुळशीपाशी घालायचे. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय पडतात, म्हणून वेलाच्या सावलीला घालू लागले होते. मीच या मुंग्यांना वेलाच्या पायरीशी आणून बसवलं होतं.

अध्याय संपवला आणि आधी स्वयंपाकघरात गेले. रजनी चहा गाळत होती.

“तुला ठाऊक होतं?”

“हो, आई.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“तुमचं व्रत आहे ना.” ती खाली बघत होती. “आणि मुंग्या मारायच्या नाहीत. म्हणून कुंचल्याने उचलत होते. पण त्या फार आहेत हो, आई.”

तेवढ्यात हे आले. त्यांनी अर्धवट ऐकलं होतं. “मुंग्या ना? कपाशीच्या फवाऱ्यातलं औषध उरलंय. दोन थेंब मारले की निकाल.”

“आबा, मग मावाही जाईल आणि अळ्याही!” रजनी एवढ्या जोरात ओरडली की चहा बशीत सांडला. ह्यांना सुनेचा आवाज इतका मोठा आहे हे त्या दिवशी कळलं.

मी विचार करत होते. व्रत मोडायचं नाही. पण वेलाखालीच घाल, असं सासूबाई कुठे म्हणाल्या होत्या?

“रजनी, मुंग्या माव्याकडे कशासाठी जातात?”

“गोड पाणी मिळतं म्हणून.”

“मग गोड पाणी मी देते की.”

परसात लिंबाचं झाड आहे. त्याच्या बुडाशी मी करवंटीत गुळाचं पाणी ठेवलं आणि शेजारी पीठ-साखर. वेलाखालची साखर झाडून तीही तिकडेच नेली. वेलाच्या बुंध्याला रजनीने एरंडेलात भिजवलेली चिंधी गुंडाळली, म्हणजे वर चढायची वाट बंद. वर राहिलेल्या मुंग्यांची पाठवणी आम्ही दोघींनी कुंचल्याने केली. सासू आणि सून, शेजारी शेजारी उकिडव्या. बेबाबाईला हे बघवेना.

“काय व अक्का, मुंग्यासले माहेरले धाडी राह्यन्यात का?”

“माहेरी नाही गं, जत्रेला,” मी म्हटलं. “तिथे गुळाचं पाणी आहे.”

हे ओट्यावरून म्हणाले, “मला चहात साखर कमी झाली म्हटलं तर ऐकू येत नाही. मुंग्यांना सरबत!”

पहिल्या दिवशी मुंग्या वेलाभोवती घोटाळल्या. नंतर एकीला करवंटी सापडली, आणि मग काय, लिंबाखाली आखाजीच्या सणाची गर्दी. वेल मोकळा झाला. अळ्या मावा खाऊन गलेलठ्ठ झाल्या आणि तीन जणी पानांच्या मागे चिकटून कोषात गेल्या. पाण्याचा थेंब आडवा पडून गोठावा, तसे ते कोष दिसत.

आता हे कोष ठेवायचे कुठे? स्वयंपाकघरात पाल, माजघरात उंदीर, ओट्यावर आबांचा हात सगळ्या वस्तूंना लागणार. मी म्हटलं, “देवघराच्या कोनाड्यात ठेव.”

“आई! देवघरात?”

“कोषात काही खातात का गं त्या?”

“नाही. काहीच नाही.”

“मग उपासच झाला तो. उपास करणाऱ्याला देवघरात कोण अडवणार?”

बरणीच्या तोंडाला मलमल बांधून ती गणपतीच्या डावीकडे ठेवली. रोज गंध लावताना मी एक डोळा तिकडे ठेवायचे. देव समजून घेईल असं वाटायचं.

पहिली माशी निघाली ती मादी. डोळ्यांमध्ये फट. रजनीने “निघाली!” म्हणून मला मिठी मारली आणि मग हिरमुसली. काटा नव्हता, तो मादीला नसतोच. मी तरी लक्ष्मी आली म्हणून लिंबाखाली मूठभर साखर जास्त घातली. दुसरा कोष काळा पडला आणि त्यातून एक बारीक गांधीलमाशीसारखं काहीतरी बाहेर आलं, खरोखरच चार पंखांचं.

“ही कुठून आली?”

“हिच्या आईने आपल्या अळीच्या पोटात अंडं घातलं होतं.” रजनी खिन्न असूनही हसली. “आपण मुंग्यांकडे बघत राहिलो.”

उरला एक कोष. परीक्षकांचा दिवस उजाडला तरी तो जागचा हलला नव्हता. रजनीने मादी आणि कोषांची टरफलं डबीत घेतली, कोनाड्यापुढे हात जोडले आणि पहिल्या एस. टी.च्या तयारीला लागली. “जे आहे ते दाखवते, आई,” म्हणाली. तिचा चेहरा बघून ह्यांनीही वर्तमानपत्र खाली केलं.

मी पूजेला बसले. अध्याय उघडला. दोन ओव्या झाल्या असतील, तोच बरणीत काहीतरी हललं. कोषाचं टोक टोपणासारखं उघडलं होतं आणि त्यातून एक फिकट, ओली माशी बाहेर येत होती. पंख चुरगळलेल्या कागदासारखे. पण डोळे मोठे, तांबडे. मी बरणी दिव्याजवळ धरली. दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले.

हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. अध्याय अर्ध्यावर. बाहेर फाटकाची कडी वाजली. रजनी निघाली होती.

मी घंटा उचलली आणि वाजवली. देवाच्या पूजेत घंटा चालते. नुसती वाजवली नाही, वाजवतच राहिले, आरती, नैवेद्य, शेजारती सगळ्यांची मिळून. हे धोतर सावरत धावत आले. “काय झालं? आग लागली का?” मी एका हाताने घंटा वाजवत दुसऱ्या हाताने बरणी दाखवत होते. ह्यांनी बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दाराकडे वळून असे ओरडले की पारावरची माणसं उठली असतील.

“सूनबाई! निघाली! दुसरी माशी निघाली!”

रजनी चपला घालूनच देवघराच्या उंबऱ्यापर्यंत आली, तिथे चपला भिरकावल्या. भिंग लावलं. आम्ही दोघं तिच्या खांद्यावरून वाकलो.

“नर आहे,” ती पुटपुटली. तिने बरणी दिव्यापुढे हळूच फिरवली. “काटा आहे! आबा, काटा आहे!”

“कुठे? मला दाखव.” ह्यांनी भिंग हिसकावलंच. “डोळे तर भिडलेत. काटा कुठे?”

“मागच्या पायाच्या बुडाशी. आहे ना?”

“आहे की! अरे, हा तर बाभळीच्या काट्यासारखा!” ते भिंग परत देईनात.

पंख सुकायला वेळ लागणार होता. एस. टी. गेल्याचा आवाज आला. रजनीने माझ्याकडे पाहिलं. मला बोलता येत नव्हतं, पण हे आधीच बाहेर गेले होते. राजदूत मोटरसायकल सुरू होण्याआधी नेहमीसारखी चारदा खोकली. “सूनबाई, बरणी मांडीवर घट्ट धर. खड्ड्यांत मी हळू घेतो. आणि वाटेत मला नीट सांग, या दांडूंचं काय ते.”

गेले दोघं. धूळ खाली बसली. मी आत येऊन अध्यायाला बसले. घंटा ऐकून बेबाबाई आली होती. ती विचारत राहिली, काय झालं, कोण आलं, कोण गेलं, आणि मी बोटाने थांब, थांब करत राहिले. शेवटची ओवी झाली, पोथी मिटली, नमस्कार केला.

“बेबा, नर निघाला! काट्यासकट! आणि रजनीला आबांनी गाडीवरून नेलं!”

“आबासनी? माशी लईसन?” बेबाबाई मटकन खाली बसली आणि मोठ्याने हसत सुटली.

मी साखरेचा डबा आणला. तिच्या तळहातावर एक चिमूट ठेवली, एक माझ्या जिभेवर. मग आठवलं, मुंग्यांच्या आधी मी कधी खात नाही. तशीच, साखर जिभेवर विरघळत असताना, मूठ भरून लिंबाखाली पळाले.