यल्लव्वाचं ‘सरी’

होसकोट्याजवळच्या मजूरवस्तीत पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवून महिना झाला, तरी बायका टँकरचंच पाणी भरत होत्या आणि पोरांची पोटं बिघडत होती. असंच राहिलं तर सोमवारी यंत्र उचलून दुसरीकडे नेणार, असं यंत्र देणाऱ्या संस्थेनं कळवलं. वस्तीत समाजकार्य करणाऱ्या महानंदानं लगेच फोन लावला.

यंत्र बनवणारी इंजिनिअर देवश्री व्हाइटफील्डच्या ऑफिसातून तडक आली. पुण्याची पोर, पाठीवर हत्यारांची पिशवी. आता ही वस्तीला नावं ठेवणार, म्हणून महानंदानं आपलं ठेवणीतलं वाक्य आधीच पुढे केलं, “लोकांची मानसिकता बदलायला वेळ लागतोय गं.”

“लोकांचं काय चुकलं? डिझाइन फसलंय माझं,” देवश्री म्हणाली. “फक्त कुठे, ते सापडत नाहीये. यंत्र बसवलं तेव्हा बायकांना विचारलं, तर सगळ्या ‘सरी’ म्हणाल्या होत्या. कन्नडमध्ये ‘सरी’ म्हणजे ओके ना?”

इतक्या वर्षांच्या समाजकार्यात ‘माझं फसलं’ असं कुणी म्हटलेलं महानंदानं ऐकलं नव्हतं. तिथे सगळे उपक्रम यशस्वीच व्हायचे. पोरीचं तिला फार कौतुक वाटलं.

“पाहुण्याला म्हटलेलं ‘सरी’ म्हणजे ‘बरं, निघा आता’,” ती हसून म्हणाली. “चल माझ्यासंगं. काही विचारू नकोस, नुसती बस.”

वस्तीतल्या जुन्या, सीमाभागातून आलेल्या मराठी बोलणाऱ्या यल्लव्वाच्या दारात दोघी लसूण सोलत बसल्या. देवश्रीची जीभ वळवळत होती, पण तिनं दम धरला. लेकीचं बाळंतपण सांगून झालं, जावेची कागाळी झाली, आणि मग यल्लव्वा सहज बोलून गेली, “त्या नळाला वाकायचं म्हणजे पाठ चहाच्या टपरीकडं. गडी बघत बसत्यात. कोण जाणार?”

देवश्री ताडकन उठली. अंधार पडायच्या आत नळ यंत्राच्या मागच्या अंगाला गेला. चूक अशी हातासरशी दुरुस्त करता येते, याचं महानंदाला नवल वाटलं. ती तर बैठक बोलावून मोकळी झाली असती.

यल्लव्वा घागर घेऊन आली. “आता कसं आहे, अक्का?” देवश्रीनं न राहवून विचारलंच. महानंदानं कान टवकारले. ‘सरी’ ऐकू आलं की संपलं.

यल्लव्वानं कपाळाला आठ्या घातल्या. “घागर बसंना खाली. स्वल्प वर घ्या की नळ.”

पाहुण्याला कुणी अशी तक्रार सांगत नाही; महानंदा हसली. देवश्रीनं पुन्हा पाना उचलला.

“सरी, अक्का,” ती म्हणाली आणि कामाला लागली.