सर्वरची खंडेनवमी

रविंद्रची आई कमलबाई हिचं एकच मागणं होतं: दसऱ्याला लेकानं आपल्यासोबत नागपूरला, दीक्षाभूमीवर यावं. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! दरवर्षी नेमकं निघायच्या वेळी साखरा गावच्या खरेदी संघातला सर्वर बंद पडायचा, अन् तो सांभाळणारा हा गडी हिंगोलीहून फटफटीवर तिकडं पळायचा.

"यंदा न्हाई चुकणार," त्यानं आईला छातीठोक सांगितलं. घरी बसूनच सर्वरला कमांड देता येईल अशी सोय त्यानं खपून खपून केली. राउटरमधून वाट काढली, पासवर्ड बंद करून त्याच्या जागी किल्लीसारखी चालणारी फाईल बनवली अन् ती फक्त आपल्या लॅपटॉपात ठेवली. पलंगावर बसून साखऱ्याचं मशीन बंद करून परत चालू केलं, तेव्हा स्वारी हवेतच होती.

"आता जगाच्या पाठीवर कुठूनबी!" तो बायकोला म्हणाला.

"पर लॅपटॉप नागपूरला काहून नेता? एक दिवस ऱ्हाऊ द्या घरी," शीतल म्हणाली. पण ऐकतो कोण!

नवमीला सकाळी वस्तीतल्या लोकांची जीप निघाली अन् कनेरगाव नाक्याला चहासाठी थांबली. सगळे चहा पिऊन राहिले होते, अन् ह्यानं लॅपटॉप उघडला. काम काही नव्हतं हो! नवी सायकल मिळालेलं पोरगं उगाच घंटी वाजवतं, तशातली गत. कमांड दिली, उत्तर नाही. परत दिली, तरी नाही. संघाचे व्यवस्थापक विश्वंभरराव फोन उचलेनात, कारकून सुधाताई उचलेनात. रविंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. आग लागली का? की आपणच काढलेल्या वाटेनं कुणी चोर आत शिरला?

"जीप थांबायची न्हाई रे," आई म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडं बघून हळूच म्हणाली, "जा बाबा. तुझं पोट हाय त्याच्यावर." रविंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी उतरलाच!

मिळेल त्या गाडीनं तो साखऱ्याला पोचला. संघात उदबत्तीचा घमघमाट. सर्वरला झेंडूचा हार, हळदकुंकू, अन् वायर काढून नीट गुंडाळून ठेवलेली. पुढं पाटावर वजनकाटा, अन् शेजारी सगळ्यांचे मोबाईल, प्रत्येकावर कुंकवाचं बोट.

"या रविंद्रराव, प्रसाद घ्या!" विश्वंभरराव म्हणाले.

"साहेब, मशीन बंद काहून केलं?"

"आज खंडेनवमी न्हाई का? पुजलेल्या हत्याराला हात लावायचा नसतो."

"अन् फोन?"

"ते बी हत्यारच की. तुमचं नाव दिसून राहिलं होतं, पर उचलायचं कसं?"

"अहो, पण एक शब्द सांगायचा तर होता!"

"सांगायचं काय त्यात? आज-उद्या संघाला सुट्टी, मशीन कुणाला लागतंय?" विश्वंभररावांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला. "दर दसऱ्याला हे बिघडतं अन् तुमची आई एकटी जाते. म्हणून मीच म्हणलं, यंदा बंदच ठेवा, रविंद्ररावाला तकलीफ नको. पर तुमी गेले न्हाई काहून?"

पेढा रविंद्रच्या हातातच राहिला.

संध्याकाळी आईचा फोन आला. "पोचलो आमी. मशीन कसं हाय रे?"

"बरं हाय. आराम करून राहिलंय."

"चला," कमलबाई म्हणाली, "त्याला तरी सुट्टी भेटली."