मिठाची मूठ

सरका पुढे, मांडीला मांडी लावून बसा. बुवा यायला अवकाश आहे, तोवर अनसूयामाईंची गोष्ट सांगतो.

निजामपुऱ्यातल्या देवळामागे माई आमटीच्या पातेल्यासमोर उभ्या होत्या, मुठीत मीठ घेऊन. मूठ उघडत नव्हती. साल सत्त्याऐंशी. सप्ताहाच्या काल्याची आमटी दरवर्षी त्यांच्याच हातची. देवाला दाखवण्याआधी कुणी चाखायचं नाही, हा नेम. माई अंदाजानेच मीठ घालायच्या आणि तो कधी चुकला नव्हता. पण हाताला अंदाज शिकवणारी जीभच उन्हाळ्यापासून चवीला मुकली होती. घरात भाजी कधी खारट, कधी अळणी. सून नीला निमूट जेवायची, त्याचाच माईंना जास्त घोर.

उलगडा डॉक्टरांनी कालच केला होता. आखडलेल्या बोटांसाठी माई जी कॅप्सूल घेत, ती अंगातलं जस्त धरून लघवीवाटे बाहेर नेते. कानाखालच्या लाळेच्या ग्रंथींना ते जस्त हवं असतं. ते आटलं की जिभेची चव मरते.

"जस्त म्हणजे बादलीवरचं?" माईंनी विचारलं होतं. "मग माझ्या कानाखाली काय पत्र्याचं दुकान आहे?"

डॉक्टर हसले. मग म्हणाले, कॅप्सूल थांबवली तर चव हळूहळू परतेल, बोटं मात्र पुन्हा आखडतील. स्वतःची वेणीही घालता येत नव्हती ते दिवस माईंना आठवले. कॅप्सूल चालूच राहू द्या, म्हणाल्या. घरी येऊन कुणाला काही बोलल्या नाहीत.

गल्लीतल्या कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटावर आता मंडपातल्या झांजा चढल्या. नैवेद्याची हाक कधीही येईल. पंगत अख्ख्या आळीची. माईंनी हात पातेल्यावर नेला, मागे घेतला, पुन्हा नेला. शेवटी मीठ परातीत सोडलं आणि पानं पुसणाऱ्या नीलाला हाक मारली. या चुलीपाशी तिला कधी फिरकू दिलं नव्हतं. पोरीला शिजतं ते तळहातावर घेऊन चाखायची खोड.

"नीले, मीठ तू घाल."

"चाखल्याशिवाय मला नाही जमायचं, माई."

"मग चाख."

"नैवेद्याच्या आधी?"

"देवाला मी सांगते काय ते." माई पातेल्यातच बघत राहिल्या. "माझी चव गेलीय गं."

नीलाने पदर खोचला, पळी उचलली.

"ठाऊक होतं मला. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

तिने चाखलं, मीठ घातलं, ढवळून पुन्हा चाखलं.

पंगतीत कुणीसं म्हणालं, माईंच्या हाताला तोड नाही. हात नीलाचा आहे, माईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग त्या जेवायला बसल्या. तोंडात काहीतरी ऊन, पातळ उतरलं, एवढंच कळलं. त्यांनी वाटी पुन्हा नीलापुढे धरली.

आज तुमच्या पानात आमटी पडली, की त्या माउलीची आठवण काढा.