कापूस आणि सुक्या पानांचा ढीग

हे बघ, आधी नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस. आपल्या आगाशीची हंसा माहीत आहे ना, द्वारकाकाकीची पुतणी, कॉलेजसाठी काकीकडे राहते ती? तिने दिवाळीनंतर पापडीच्या कॉन्रॅडकडून कुत्र्याचं पिल्लू आणलं. पामेरियन. एवढंसं, पांढरंशुभ्र, म्हणून नाव ठेवलं कापूस. आणि हा कापूस घरात शिरला तो थेट देवघराच्या उंबऱ्यावर मुतला.

काकी काय गप्प बसणार? म्हणाली, "हंसे, हे घर आहे का गोठा? सुकेळी बांधायच्या दिवशी कॉन्रॅड येईल ना आपली सुकेळी न्यायला, तोवर हा शिकला तर राहील. नाहीतर त्याच्या सुकेळ्यांच्या टोपलीत बसून परत पापडीला."

आणि राजेळी केळी तर सोलून मांडवावर वाळत पडली होती. ती वाळली की झाली सुकेळी, मग केळीच्याच सुक्या पानांत बांधायची, म्हणजे हंसाच्या हाताशी दिवस थोडेच. पण ती हटली नाही.

कॉन्रॅडने सांगितलं होतं, "पेपर पसर, त्याच्यावर शिकव." आता काकीकडे पेपर यायचा तो डाळीची पुडी होऊन. पण वाडीत केळीची सुकी पानं हवी तेवढी. हंसाने मागच्या पडवीत पानांची गादी घातली. कापूस झोपून उठला की उचल आणि पानांवर ठेव. दूध प्यायला की उचल आणि पानांवर ठेव. जमिनीला नाक लावून गोल फिरायला लागला की हातातलं टाकून धाव. जमलं की पाठ थोपटायची. चुकला की काकी केरसुणी घेऊन यायची, आणि हंसा मध्ये उभी राहायची.

"ओरडू नकोस काकी, घाबरला तर खाटेखाली जाऊन करेल."

"तुला शिकवताना एवढे लाड नव्हते केले आम्ही."

"म्हणूनच मी अजून तुझं ऐकत नाही."

काकी तोंड फिरवून हसली, पण अट काही सोडली नाही.

आणि शिकला की रे तो. दार ढकलून आपला आपण पडवीत जायचा, पानांवर दोन गिरक्या, काम झालं की शेपटी हलवत परत. घर कोरडं. हंसा नुसती हवेत.

मग आला बांधायचा दिवस. सुकं पान कडक असलं की बांधताना फाटतं, म्हणून काकीने ओट्यावर पानांचा मोठा ढीग रचला, वर पाणी शिंपडलं आणि चहा टाकायला आत गेली. हंसा मांडवावरची सुकेळी उतरवत होती. सहज वळून बघते तर कापूस ढिगावर. दोन गिरक्या. ती धावली, पण पोचेपर्यंत झालं होतं. आणि तो शेपटी हलवत तिच्याकडे बघतोय, थोपट म्हणून.

आता गंमत बघ. पानं आधीच ओली. कुठलं पाण्याने, कुठलं त्याच्याने, कसं कळणार? बघायला कोणी नव्हतं. आणि तेवढ्यात फाटकाशी सायकल वाजली, कॉन्रॅड, मागे टोपली बांधलेली.

हंसाने ढीग कवेत घेतला, सगळाच्या सगळा, आणि खताच्या खड्ड्यात टाकला. काकी कपबशी घेऊन बाहेर आली ती ओट्याकडे बघतच राहिली.

"पानं कुठे गेली?"

"खड्ड्यात. कापूस मुतला त्यांच्यावर."

"सगळ्यांवर?"

"कुठल्या ते कळेना. पण काकी, त्याने शिकवलं तेच केलं. पानांवर शिकवलं मी. हे पान आपलं, ते सुकेळ्यांचं, हे त्याला कोण सांगणार? उद्यापासून रेतीवर शिकवते. आणि पानं आत्ता आणते, दिवेलागणीच्या आत."

कॉन्रॅड टोपली सोडायला लागला. काकीने खड्ड्याकडे बघितलं, मग कापसाकडे. मग आत गेली, कोयता आणून हंसाच्या हातात दिला.

"लवकर ये. आणि कॉन्रॅड, तू बस, चहा घे. सुकेळ्यांना उशीर आहे. टोपलीत आज तेवढीच जातील."

म्हणजे बघ, वरची चार पानं फेकून गप्प बसली असती तर कोणाला कळलं नसतं. दारात टोपली, पायाशी कापूस. खरं सांग, तू काय केलं असतंस?