मागचा पाय

हर्डलवरून पुढचा पाय कुणाचाही जातो. खरी परीक्षा मागच्या पायाची. तो खुब्यातून बाजूला उघडायचा, गुडघा काखेकडे आणायचा आणि अलगद पलीकडे न्यायचा. थोरलीचा मागचा पाय हल्ली अलगद जात नव्हता. हर्डलच्या आडव्या पट्टीला घोटा खाडकन लागे, आणि तो आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला असं तिला वाटे.

धाकटीचा जात होता. तळ्यावरून बगळा जावा तसा.

क्लबच्या संघात हर्डल्ससाठी जागा एकच, आणि निवड रविवारी. एका खोलीत झोपणाऱ्या, एका आरशात वेणी घालणाऱ्या दोघी बहिणींचा डोळा त्या एका जागेवर. त्यात धाकटी पळायला शिकली तीही ताईचे जुने बूट घालून!

क्लबने खेळाडूंसाठी योगाच्या बाई ठेवल्या होत्या. जिममागच्या, रबरी चटयांच्या वासाने भरलेल्या खोलीत त्या पळून पळून आखडलेले खुबे सोडवत. आधी एक पाय पुढे दुमडून कपोतासन, मग खुब्याखाली मऊ चेंडू घेऊन नुसतं पडून राहायचं.

"स्नायूवर पातळ आवरण असतं," बाई सांगत. "संत्र्याच्या फोडीवरचा पापुद्रा जसा. त्याला फॅशिया म्हणतात. तो रुसला की स्नायू हलत नाही. रुसलेल्याला ढकलायचं नसतं. जवळ बसायचं, श्वास सोडायचा, वाट बघायची."

मग धाकटीच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणत, "बघा, लोण्यासारखी सुटलीय पोर!"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड होई. चटईवर पडल्या पडल्या ती मनातल्या मनात ओवी जुळवी:

एका रवीनं घुसळलं दोघींना
एकाच गं डेऱ्यात,
लोणी आलं तुझ्या वाट्याला
ताक माझ्या पदरात.

वाट बघ म्हणे! रविवार काय माझी वाट बघत थांबणार आहे?

पळणाऱ्यांना एक खोड असते: दुखलं की त्यांना वाटतं, काम होतंय. थोरलीने क्रिकेटवाल्यांच्या पिशवीतून लेदरचा टणक चेंडू उचलला, रिकाम्या खोलीत तो खुब्याखाली घेतला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. दात खाऊन ती तशीच पडून राहिली. जितकं जास्त दुखेल तितका पापुद्रा लवकर सुटेल, हा तिचा हिशोब.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना तिने कठडा धरला.

"ताई, लंगडतेस का गं?"

"तुझे डोळे लंगडतायत. चल पुढं."

पण बाईंपुढे सोंग टिकलं नाही. त्यांनी नुसतं बोट लावलं आणि थोरली कळवळली. खुबा काळानिळा पडला होता.

"कशानं केलंस हे?"

"मऊ चेंडूनं होत नव्हतं काही."

"म्हणजे दार उघडेना म्हणून भिंतच पाडलीस! आता रविवारी पळायचं नाव काढू नकोस."

धाकटीचे डोळे भरून आले. थोरलीला ते पाणीच जास्त झोंबलं. रडायला हिचं काय जातंय? जागा तर आता हिचीच.

रविवारी कपडे बदलायच्या खोलीत धाकटी तिच्याजवळ आली. "ताई, बाई रिलेवाल्यांत अडकल्यात. माझा उजवा खुबा भीतीनं नुसता लाकूड झालाय. तू दाब ना."

"मी?"

"मग काय शेजारणीला बोलावू?"

आणि ती बाकावर पालथी पडलीसुद्धा.

थोरलीने अंगठा ठेवला. नेमकी जागा तिला शोधावी लागली नाही. तिच्या स्वतःच्या अंगावर ती अजून ठसठसत होती. इथे कोपर रोवायचं, अंग टाकायचं. घाईत जोर जास्त झाला म्हटलं की भागलं. कोण विचारणार? अंगठा रुतू लागला.

धाकटीने बाकाची कड घट्ट धरली. "दुखतंय गं. पण तू करतेयस म्हणजे बरोबरच असेल. कर."

थोरलीचा अंगठा जागच्या जागी थबकला. मग तिने तो हळूच सैल केला. काढला नाही, नुसता ठेवला. धाकटीचा श्वास आत गेला, बाहेर आला. थोरली वाट बघत राहिली. आणि बोटाखाली काहीतरी हललं, विरघळलं, ओलं कापड हातातून निसटावं तसं सरकलं. जे तिच्या स्वतःच्या अंगात कधी घडलं नव्हतं, ते तिच्या हाताला कळलं. तर हेही हिचंच सुटायचं होतं!

"झालं. ऊठ आता. पट्टीला पाय लावलास ना, तर घरी येऊ नकोस."

"लावते की काय!" धाकटी हसत उठली, बूट घट्ट केले आणि गेली.

थोरली मैदानाच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. पिस्तूल झडलं. धाकटी पहिलं हर्डल साफ ओलांडून गेली. थोरलीचं मन म्हणालं, पट्टीला लाग. दुसऱ्याला म्हणालं, एकदा तरी लाग. तिसऱ्याला धाकटीचा गुडघा जरासा खाली आला, पट्टी हलली, आणि थोरलीच्या तोंडून गगनभेदी आरोळी फुटली, "गुडघा वर घे! अगं, वर!"

आजूबाजूचे लोक वळून बघू लागले.

धाकटी पहिली आली. धापा टाकत, कमरेवर हात ठेवून ती माणसांच्या गर्दीत ताईला शोधू लागली. थोरलीला ती केव्हाच दिसली होती. हात वर करायला मात्र तिला अंमळ वेळ लागला.