कोंडाबाईची साक्ष

हुस्ना कॅसेट्सला कंपनी म्हणायचं ते पाशामियाँचं मन राखायला. नांदेडात देगलूर नाक्याच्या आतल्या गल्लीत एक गाळा, त्यात दोन डेक, एक मिक्सर, भिंतींवर ठोकलेले अंड्यांचे ट्रे आणि दारावर लेकीच्या नावाची पाटी. एवढ्या पसाऱ्यावर या हौशी माणसानं कव्वाल्या भरल्या, भीमगीतं भरली, आणि भूकंपानंतर किल्लारीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन ख्रिस्ती बायांची गाणीही भरून आणली. गेला होता मदतछावणीचा बिघडलेला भोंगा दुरुस्त करायला. तिथं एका बाईचं गाणं कानावर पडलं आणि गडी दोन वर्षं तिकडे चकरा मारत राहिला. त्या कॅसेटी देगलूर, उदगीर, बिदर या पट्ट्यात बऱ्या खपल्या.

पाशामियाँ गेले आणि हुस्नानं ते सगळं काम अंगावर घेतलं. ती नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती, त्यामुळे वस्तू जागच्या जागी आणि तिच्यावर नाव, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. वडिलांचं एकच तिला खटकायचं. या माणसानं प्रत्येक कॅसेटवर आपल्या लेकीचं नाव छापलं, आणि गाणाऱ्या बायांचं एकदाही नाही. कव्हरवर एक दिवा, खाली ‘हुस्ना कॅसेट्स, नांदेड’, बस्स. लहानपणी तिला त्याचा अभिमान वाटायचा. आता लाज वाटू लागली होती.

नावं शोधायची तर ती कुठे लिहिलेली नव्हती, पण बोललेली होती. या मंडळींच्यात एक रीत होती. गाण्याआधी गाणारीनं साक्ष द्यायची, म्हणजे मी कोण, माझ्यावर काय बेतलं आणि मी प्रभूकडे कशी आले ते उभं राहून सांगायचं. पाशामियाँनी ते कापलं नाही. हुस्नानं टेपा संगणकावर उतरवल्या, साक्षी ऐकून नावं जुळवली, आणि पहिली कॅसेट यूट्यूबवर टाकली. खाली ठसठशीत लिहिलं: गायिका कोंडाबाई. नाव टंकताना तिला इतकं बरं वाटलं की तिनं अम्मीला हाक मारून दाखवलं. सुलतानबी म्हणाल्या, “त्या बाईला पूछ्या क्या?” हुस्नानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. चांगलं काम करायला निघालेल्या माणसाला असले प्रश्न ऐकू येत नाहीत.

त्या गाण्याखाली एका भुजंगरावांनी लिहिलं होतं, “काय आवाज आहे! ही माउली सध्या कुठं असते?” हुस्ना हरखली. देगलूरच्या चर्चमधल्या एका पाळकबाईंकडून तिला पत्ता लागलेला होताच. तिनं लगेच उत्तर दिलं, “लातूरला, मुलाकडे. नात यंदा डॉक्टरीला लागली.”

आठवडा गेला नसेल, दारात एक माणूस उभा. इस्त्रीचा शर्ट, पण घामानं पाठीला चिकटलेला. “मी आनंदराज,” तो म्हणाला. “कोंडाबाईचा मुलगा. मॅडम, ते गाणं काढून टाका.”

हुस्ना आधी फणकारली. आईचं नाव झालं तर पोराला काय टोचतंय, असं तिच्या तोंडावर आलं होतं. पण आनंदराज पाणी न पिता बोलत सुटला, आणि तिचा फणकारा जागच्या जागी विरला.

“आमी बौद्ध, मॅडम. कागदावर बौद्ध, सवलतीला बौद्ध. भूकंपात सगळं गेलं तवा आई त्या लोकांत गेली. मला बी नेलं. मी लहान होतो, पाण्यात बुडवलं तवा थंडी वाजली, एवढंच आठवतंय मला. आमच्या रूपालीला सवलतीतून सीट लागली. लातूरच्या क्लासला दोन वर्षं पोरीनं मान वर केली न्हाई. आता जात पडताळणी चालू हाय, अन् कुणीतरी अर्ज दिलाय की हे घर ख्रिस्ती हाय. बौद्धाला सवलत हाय, ख्रिस्ती झालं की जाते. पुरावा कुणाकडंच नव्हता. आता हाय. माय स्वतःच्या तोंडानं सांगायलीय.”

हुस्नानं त्याच्यासमोरच गाणं काढून टाकलं. मग तिला भुजंगरावांना दिलेलं उत्तर आठवलं. ते आनंदराजला सांगायचं धैर्य तिला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी भुजंगरावांचा फोन आला. आवाज मधाचा. “मॅडम, गाणं काढलंत? अरेरे. पण काळजी नको, मी आधीच उतरवून ठेवलंय. अशा चीजा जपायला हव्यात. मूळ टेप तुमच्याकडं आहे ना? सांभाळा हं.” हुस्नानं विचारलं, तुम्हाला कशाला हवीय. ते हसले. “माझा मुलगाही लातूरलाच शिकला. सवलतीच्या यादीत त्या रूपालीच्या बरोबर खाली आहे. जागा रिकामी झाली तर त्याची. पोराचं भलं कुणाला नको असतं?” आणि त्यांनी तिच्या वडिलांच्या कामाची इतकी तारीफ केली की हुस्नानं मधेच फोन ठेवला.

ती लातूरला गेली. घरात बसून राहणं तिला शक्यच नव्हतं. त्या भागात पाऊल ठेवावं तिथं क्लासच्या पाट्या, पाट्यांवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, आणि त्या फोटोंखालून तसलीच पोरं पाठीला दप्तर लावून मुकाट चाललेली. एकही पोर मोठ्यानं हसत नव्हतं. कोंडाबाईंचं घर तिथल्याच एका गल्लीत. क्लासच्या पोरांसाठी त्या डबे करायच्या. आनंदराज पडताळणीच्या कचेरीत गेला होता, रूपाली कॉलेजात. चुलीच्या जागी गॅस आला होता, पण कोंडाबाई जमिनीवर बसूनच भाकरी थापत होत्या.

“मावशी, मी पाशामियाँची मुलगी.”

कोंडाबाईंचा हात परातीतच राहिला. त्यांनी तिला न्याहाळलं. “मियाँसारखंच नाक हाय तुजं,” त्या म्हणाल्या. “बस. च्या घे.”

हुस्नानं सगळं सांगितलं. आपण नाव टाकलं, आपणच पत्ता दिला, आपलीच चूक. कोंडाबाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या ऐकत राहिल्या, मग पदराला हात पुसले. “हाय का तुज्याजवळ? मला ऐकव की. मी कदी ऐकलंच न्हाई बग. कॅसेट होती, ती आनंदनं शाळेत नोकरीला लागला तवा जाळली.”

हुस्नानं मोबाइल काढला, कानात घालायच्या वायरचं एक टोक त्यांच्या कानात घातलं, दुसरं स्वतःच्या. पत्र्यावर पाऊस पडत असावा तसा आधी खरखराट, मग एका तरण्या बाईचा घोगरा, ठाम आवाज.

“मी कोंडाबाई. गणपती बुडवून लोक निजले आन भुई हालली. भिंतीच्या दगडाखाली माजी गौतमी गेली. चार वरसाची होती. मामाच्या घरी जलमली, रेशनकार्डावर तिचं नाव लागलं न्हवतं, म्हून मेलेल्याच्या यादीत बी लागलं न्हाई. सायेब म्हनला, अशी पोर न्हवतीच. मी यडी झाल्ते. मग या लोकानी मला इचारलं, पोरीचं नाव काय. कुनी इचारलंच न्हवतं. तवापास्नं मी हितं येते. मी आन माज्या लेकानं बाप्तिस्मा घेतला. ती कुटं तरी हाय, येवढं मला कळलं. आता गानं म्हनते.”

गाणं सुरू झालं तसं कोंडाबाईंनी वायर कानातून काढली. गाण्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. “पुन्ना लाव,” त्या म्हणाल्या. हुस्नानं पुन्हा लावलं. गौतमीचं नाव आलं की त्यांचे ओठ हलत, आणि हुस्नाला रडू आवरेना. आपण एका बाईचं नाव जगाला सांगायला निघालो होतो, आणि तिनं सांगितलेलं नाव दुसरंच होतं, हे तिला आता कळत होतं.

“रूपालीला ठाऊक आहे?”

“न्हाई. काईच ठाव न्हाई तिला. पोरगी खरं बोलनारी. क्लासात, होस्टेलात कुटं तोंडातनं गेलं तर? आनंदनं मला आन घातली. या घरात गौतमीचं नाव कुनी काडत न्हाई.” भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा त्या उठल्या. “ही टेप पुसून टाक म्हनतो आनंद. तुला काय वाटतं, बाई?”

हुस्नानं टेप पुसली नाही आणि पुसणार नाही असंही म्हणाली नाही. ती नांदेडला परतली, आणि महिन्याभरात जात पडताळणी समितीची नोटीस तिच्या दारात आली. कोंडाबाईंना बोलावलं होतं, आनंदराजला, रूपालीला, आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याची वारस म्हणून तिलाही.

सुनावणीच्या खोलीत पंखा होता पण हवा नव्हती. भुजंगराव आधीच येऊन बसले होते. त्यांनी उठून कोंडाबाईंना वाकून नमस्कार केला आणि खुर्ची पुढे सरकवली. रूपाली आजीच्या शेजारी बसली. उंच, किडकिडीत पोरगी, चष्म्याच्या काड्या सारख्या वर सरकवणारी. समितीचे साहेब वयस्कर होते, आवाज न चढवणारे. अशा माणसांची जास्त भीती वाटते.

भुजंगरावांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि साक्ष वाजवली. त्या बंद खोलीत तो तरणा आवाज असा काही भरला की बाहेरचा शिपाई दारातून डोकावला. हुस्नानं रूपालीकडे पाहिलं. पोरीनं ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं.

साहेबांनी हुस्नाला आधी विचारलं. हा आवाज कोणाचा?

“सांगता येणार नाही,” हुस्ना म्हणाली. “वडील नावं लिहून ठेवत नसत.”

“पण तुम्हीच यूट्यूबवर नाव लिहिलं होतंत. पत्ताही दिलात.”

“त्या नावाच्या बाया गावोगाव आहेत, साहेब. मी अंदाजानं लिहिलं. शहानिशा न करता लिहिलं. माझं काम कच्चं होतं.” आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःच्या कामाला कच्चं म्हटलं, तेही ते पक्कं असताना.

मग साहेब कोंडाबाईंकडे वळले. “आजी, हा तुमचा आवाज आहे?”

“न्हाई, सायेब.”

“तुम्ही किंवा तुमच्या मुलानं कधी बाप्तिस्मा घेतला होता का?”

“न्हाई.”

भुजंगराव हलकेच खाकरले. “साहेब, आवाज नाकारता येतो. त्या बाईंनी मेलेल्या मुलीचं नाव घेतलंय. तेवढं विचारा. आई ते नाकारणार नाही.”

साहेबांनी त्यांच्याकडे नापसंतीनं पाहिलं, पण विचारलं. “आजी, तुम्हाला गौतमी नावाची मुलगी होती का? भूकंपात गेलेली?”

आनंदराज जमिनीकडे बघत होता. बहीण गेली तेव्हा तो तिच्या शेजारीच निजलेला होता, हे हुस्नाला नंतर कळलं. कोंडाबाईंनी पदर डोक्यावर नीट ओढला, रूपालीचा हात आपल्या हातात घेतला, आणि साहेबांच्या डोळ्याला डोळा दिला.

“न्हाई सायेब,” त्या म्हणाल्या. “अशी पोर न्हवतीच.”

साहेबांनी लिहून घेतलं. कोंडाबाईंनी अंगठा उठवला. निकाल पोस्टानं येईल, म्हणाले, जायला हरकत नाही. जिन्यात भुजंगराव हुस्नाच्या बाजूनं उतरत होते. “आवाजाची तपासणी होते बरं का, मॅडम,” ते मघाच्याच मऊ आवाजात म्हणाले. “मी अर्ज घेऊनच आलोय. मूळ टेप लागेल. तुम्ही सांभाळलीच असेल.” आणि खिशातून घडी केलेला कागद काढत ते पुन्हा वर गेले.

खाली लिंबाच्या सावलीत कोंडाबाई टेकल्या होत्या. रूपालीनं बाटलीतलं पाणी त्यांच्या ओंजळीत ओतलं, ओल्या हातानं त्यांचा चेहरा पुसला. तिचे डोळे लाल झाले होते.

“आज्जी,” ती म्हणाली, “ती बाई कोण असंल गं? लई वाईट वाटलं मला ऐकून. तिला भेटायला पायजे कुणीतरी.”

हुस्नानं तोंड फिरवलं. आनंदराज रिक्षा बघायला म्हणून रस्त्याकडे चालू लागला.

“असंल कुनीतरी,” कोंडाबाई म्हणाल्या. “चल बाळ, डबे करायचेत.”