पहिले दहा सेकंद

फडक्यात गुंडाळलेलं गोटीएवढं चुंबक — पुढच्या चाकावरच्या फुगीर पत्र्यावर, दिव्याच्या कडेला, दाराच्या खालच्या पट्टीवर, सगळीकडे ते टक्‌कन बसत होतं, आणि मागच्या चाकाच्या वर, जिथे जुना हिरवा रंग सगळ्यात छान चमकत होता, तिथे ते जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या वस्तादच्या बोटांतून सुटलं आणि सरळ फरशीवर पडलं.

"इथं पत्रा नाही," वस्ताद म्हणाला. "पुट्टी आहे. कधीतरी मार बसलाय आणि वरून रंग मारलाय." मग गाडी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळून, "हा आपला एक्स-रे, साहेब. गरिबाचा."

तो हसला. हसायला हवं होतं म्हणून हसला. इस्पितळाच्या तळमजल्यावर एकतीस वर्षं लोकांच्या छातीचे फोटो काढणाऱ्या माणसाला हा विनोद काही नवा नव्हता — घरात किल्ली हरवली की बायकोही म्हणायची, अहो, कपाटाचा एक्स-रे काढा ना एकदा — पण आज त्या शब्दासरशी त्याने हात टेकायला जागा शोधली. हात टेकला तो गाडीच्या मागच्या झाकणावर.

झाकण कोमट होतं.

त्याने हात उचलला नाही. या गाडीचं इंजिन मागे असतं आणि त्यात पाणी नसतं — रेडिएटर नाही, नळ्या नाहीत, पंखा वारा घालतो आणि इंजिन नुसत्या हवेवर थंड राहतं, हवेवर जगतं म्हणा ना — हे विशीत एका मासिकात वाचलं तेव्हापासून ही गाडी त्याच्या डोक्यात घर करून होती. आणि अशी जुनी गाडी घ्यायची तर ती गार असतानाच बघायची, हा वस्तादचा पहिला नियम. आज येतानाही वस्तादने तो दोनदा सांगितला होता. गार इंजिन पहिले दहा सेकंद खरं बोलतं, साहेब. आतली साखळी सैल असेल तर वाजते, तेल जळत असेल तर निळा धूर येतो. मग तेल वर चढतं, आणि सगळी इंजिनं सारखीच गातात. म्हणून तर काल फोनवर त्याने स्वतः गाडीच्या मालकांना बजावलं होतं — मी येईपर्यंत चालू करू नका.

आणि त्यांनी चालू केली होती. ते गॅरेजच्या दारात स्वेटरच्या बाह्या ओढत उभे होते. दातांचे निवृत्त डॉक्टर, ऐंशीच्या घरातले, डोळ्यांनी दगा दिल्यामुळे गाडी विकायला काढलेले. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण आपला हात कुठे आहे ते त्यांना कळलंय, असं त्याला वाटलं. वस्ताद खाली वाकून चाकं बघत होता.

सांगू नये. हाच विचार आधी आला, आणि इतका आयता आला की त्याला स्वतःचीच भीती वाटली. इंजिन गरम आहे, म्हणजे ते आज खरं बोलणार नाही. वस्ताद ऐकेल, मान डोलावेल, आणि आपण गाडी घेऊन घरी जाऊ… बायको दारात उभी राहून म्हणेल, आयुष्यभर बसने गेलात आणि आता एकदम विमान! म्हातारचळ म्हणतात तो हाच का हो? म्हणेल, आणि दोन मिनिटांत डोक्याला रुमाल बांधून शेजारी येऊन बसेल. तिला काही माहीत नाही. गाडीची जाहिरात चार महिने त्याच्या टेबलाच्या खणात पडून होती. त्याने फोन केला तो शुक्रवारी. शुक्रवारीच का, हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

गुरुवारी त्याच्या छातीचा फोटो निघाला होता. तसं फोटो काढण्यात नवं काही नव्हतं, खात्यातल्या सगळ्यांची दरवर्षी तपासणी होते. शर्ट काढून, हनुवटी टेकवून, गार पाटीला छाती लावून तो उभा राहिला. काचेमागे चिमणी होती. चिमणी म्हणजे त्याच्या हाताखाली तयार झालेली खात्यातली सगळ्यात लहान पोरगी, सतत चिवचिव करणारी, म्हणून चिमणी. तिला त्यानेच शिकवलं होतं की आपल्याला बोलायचे असतात ते तीनच शब्द. घ्या, धरा, सोडा. पडद्यावर काहीही दिसो, आवाज बदलू द्यायचा नाही, आणि चेहरा तर नाहीच. "श्वास घ्या, सर." त्याने घेतला. "धरून ठेवा." त्याने धरला. मशीनचा आवाज झाला, थांबला… मग काहीच नाही. समोरच्या भिंतीवरच्या रंगाला एक पोपडा आला होता. त्याने आकडे मोजले. नऊ, दहा, अकरा — कुणी सोडा म्हणेना.

एकतीस वर्षांत मी सोडा म्हणायचं विसरलो ते चार वेळा. चारही वेळा समोर जे उमटलं होतं त्याने माझं तोंड बंद केलं होतं. ही चूक आमच्याच धंद्यातला माणूस करतो, आणि तिचा अर्थही आम्हालाच कळतो. पाटीपाशी उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, मशीन जरा सावकाश असेल. दुसऱ्या वेळचा तो माणूस मला चांगला आठवतो. उंच, सुतारकाम करणारा, बोटावर पट्टी. मी भानावर येईपर्यंत बिचारा श्वास धरून लालबुंद झाला होता. सोडा म्हटल्यावर खोकत खोकत हसला — "अहो, मला विसरलात की काय?" मी पण हसलो. मग शर्टाची बटणं लावताना त्याने सहज विचारलं, कसं आहे? आणि मी म्हणालो, डॉक्टर सांगतील. बटणं एक घर चुकून लागली होती. तेही मी सांगितलं नाही.

"डॉक्टर सांगतील, सर," चिमणी म्हणाली होती. आवाज अगदी मी शिकवला तसा. नंतर दुपारभर खात्याचा संगणक माझ्या टेबलावर होता, पासवर्ड मला पाठ होता, दोन बटणं दाबली की फोटो समोर… मी पाच वाजता नेहमीची बस पकडली.

"साहेब." वस्तादने झाकणावर पालथा हात ठेवला होता. "हे गरम आहे."

गाडीचे मालक डॉक्टर दारातून दोन पावलं आत आले. "सकाळी मी चालू केली. पाच मिनिटंच. तीन महिने कुणी हात लावला नव्हता हो… तुम्ही एवढ्या लांबून आलात आणि ती उठलीच नाही तर? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. चालू झाली आणि जिवात जीव आला."

"आणि आवाज?" वस्तादने विचारलं. "पहिला आवाज कसा होता?"

"छान होता," डॉक्टर फार पटकन म्हणाले.

वस्तादने हात फडक्याला पुसले. "तीन तास थांबावं लागेल. नाहीतर उद्या यावं लागेल."

"राहू दे, वस्ताद." हे आपणच बोललो, हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. "छान होता म्हणताहेत ना. घेऊन टाकू."

"मग मला कशाला आणलंत?" वस्ताद खरोखरच चिडला. "डोळे झाकून घ्यायची होती तर एकटे यायचं. उद्या भर रस्त्यात आवाज आला की माझ्याच नावाने खडे फोडणार. साहेब, आत जे असेल ते आहेच. आपण ऐकलं नाही म्हणून ते जातं का?"

शेवटी ते थांबले.

वस्ताद चहा प्यायला कोपऱ्यावर गेला. डॉक्टरांनी दोन घडीच्या खुर्च्या आणल्या, आणि दोघं गाडीमागे बसून राहिले. इंजिन गार होत होतं. झाकणाच्या आतून मधूनच टिक असा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टिक. शर्टाच्या खिशात फोन थरथरला. चिमणी. कालपासूनचा पाचवा फोन. त्याने तो छातीवरच थरथरू दिला.

"महत्त्वाचा असेल," डॉक्टर म्हणाले.

"असेल."

मग डॉक्टर, काही संबंध नसल्यासारखे, म्हणाले, "चाळीस वर्षं मी प्रत्येकाला सांगितलं, अजिबात दुखणार नाही. बायको म्हणायची, किती खोटं बोलता हो पेशंटशी. आता वाटतं, त्यांच्यासाठी नव्हतंच ते. तसं म्हटल्याशिवाय माझाच हात पुढे जायचा नाही." आणि थोड्या वेळाने, खाली बघून, "आवाज होता. सकाळी. बारीकसा."

त्याला राग यायला हवा होता. आला नाही. त्याला सुताराची चुकलेली बटणं दिसत राहिली. डॉक्टर सांगतील, हे आपण इतकी वर्षं कुणासाठी म्हणत होतो? नियम होता, खरं आहे. पण नियमाच्या आड किती ऊब होती, ते त्याला कधी असं उघड्यावर बसून बघावं लागलं नव्हतं. ज्यांना सोडा म्हणायचं राहिलं ते चौघं घरी गेले असतील, जेवले असतील, आणि हा फोटो काढणारा हसला का नाही, हसला तर किती हसला, याचा रात्रभर हिशोब करत बसले असतील… चिमणी पाच वेळा फोन करते आहे. मी त्यांच्यातल्या एकालाही केला नव्हता.

वस्ताद परत आला तेव्हा झाकण दगडासारखं गार होतं. "बसा आत. मी सांगितल्यावर चावी फिरवा. पाय दाबायचा नाही."

आत जुन्या चामड्याचा आणि तेलाचा वास होता. सीट खोल होती, इतकी खोल की तिथून उठायला कुणाचा तरी हात लागेल असं वाटलं. मागे वस्तादने झाकण उचललं आणि आरशात दिसणारी मागची काच पूर्ण हिरवी झाली. वस्तादचा चेहरा दिसेना. डॉक्टर बाजूला उभे होते, दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत.

"फिरवा."

इंजिन एकदा खोकलं, अडलं, आणि लागलं. एक. दोन. आवाज होता — घरघरीच्या आत एक सुटा, कोरडा, बारीक आवाज — की तो पंखाच होता? माझ्या तळमजल्यावर मला सावलीतली सावली कळते. इथे मी शर्ट काढून उभा राहिलेला माणूस होतो. पाच. सहा. मला काही कळत नव्हतं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच मला ते कळून घ्यायचं होतं. सात. खिशात फोन पुन्हा थरथरू लागला. आठ. नऊ. वस्ताद, बोल ना. दहा झाले, बारा झाले. आवाज हळूहळू गोड होत गेला, सगळ्यांचा होतो तसा. मी आरशाकडे बघत राहिलो. फोन वाजत होता, झाकण वरच होतं, मागून शब्द येत नव्हता. श्वास मी केव्हाचा धरून ठेवला होता, आणि सोडा असं अजून कुणी म्हणालं नव्हतं.